चाचांचं कोपर

आमच्या जानेफळात माणसाला रात्री झोप लागते ती त्याच्या पुण्याईनं नव्हे, कष्टानं तर नव्हेच नव्हे, ती फक्त चाचांच्या उजव्या हातामुळं लागते, असं खुद्द चाचांचं म्हणणं होतं. आणि ते खोडून काढायला वेळेवर कुणी जागं सापडत नसे. चाचा म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे पिंजारी. आढ्याला दोरीनं टांगलेली ती लांबलचक धनुकली, तिच्या तातीवर लाकडी ठोकळा मारायचा, तात थरथरली की खालचा कापूस उडतो, फुलतो, आणि मग त्या कापसाच्या गाद्या, उशा, रजया भरायच्या, हा त्यांच्या घरचा तीन पिढ्यांचा धंदा. त्यांना नाव होतं, रेशन कार्डावर ते व्यवस्थित लिहिलेलंही होतं, पण त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा त्यांना चाचाच म्हणत. भेटल्यावर लोक एकमेकांना कसं काय, बरं हाये का, असं विचारतात. चाचा विचारायचे, "झोप येते ना?" लग्नात भेटले तरी हेच, एसटीत भेटले तरी हेच. माझे वडील गेले तेव्हा तेराव्याला आले, माझ्याजवळ बसले आणि हळूच हेच विचारलं. खरं सांगतो, त्या तेरा दिवसांत मला कुणी विचारलेला तेवढाच एक कामाचा प्रश्न होता.

गादीवरून तळहात फिरवून ते माणसाचा सगळा कच्चा चिठ्ठा सांगत. डोकं कुठल्या बाजूला ठेवतो, कुठल्या कुशीवर झोपतो, रात्रभर तळमळतो की पडल्या पडल्या घोरतो, हे त्यांना खळग्यांवरून कळायचं. एकदा गावातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांची गादी पिंजायला आली. सोबत गृहस्थ होते, त्यांच्या मंडळी होत्या आणि ओट्यावर नेहमीचे चारपाच रिकामटेकडे होते. चाचांनी गादीवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि निरागसपणे विचारलं, "साहेब, या गादीवर तं तुमी झोपतच नाई. मंग झोपता कुठं?" त्यानंतर दोन महिने त्या घरात कुणालाच झोप आली नाही म्हणतात. माझा पुतण्या बारावीला बुलढाण्याला शिकायला निघाला तेव्हा त्याची गादी त्यांनी मुद्दाम पाटासारखी कडक भरली. अभ्यासाच्या पोराला मऊ गादी म्हणजे जहर, हा त्यांचा सिद्धांत. पोरगा नापास झाला तो झालाच, वर पाठ धरून घरी आला. चाचांना त्याचं काहीच वाटलं नाही. गादी बरोबर होती, पोरगा चुकीचा होता, असं त्यांनी मला समजावून सांगितलं.

कापूस तर ते गालाला लावून ओळखायचे. चिमूटभर घ्यायचा, गालावर घासायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचे की हा नदीकाठच्या काळ्या वावरातला, हा माळावरचा, याला शेवटचं पाणी मिळालं नाही. मग बीटीचं बियाणं आलं. पहिल्या एकदोन वर्षांत बोंडअळी गेली, फवारे कमी झाले, गावात चार मोटारसायकली आल्या, लोक खूश. एकटे चाचा नाराज. "पहिले कापूस पाहून वावर ओळखू येत होतं मास्तर," ते मला म्हणाले, "आता निस्तं पाकीट ओळखू येते." पुढं पाऊस हुलकावण्या द्यायला लागला, हिरव्यागार पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, पानं लाल करणारा लाल्या रोग पडायला लागला आणि गावाचा चेहरा उतरला. ते वर्तमानपत्रात यायच्या कितीतरी आधी चाचांना कळायचं. चांगल्या साली लोक नवी गादी करतात, मध्यम साली जुनी पिंजून घेतात, आणि वाईट साली जुनी एक उसवून तिच्या दोन पातळ करतात, हा त्यांचा हिशेब. मी सांगतोय त्या साली त्यांच्याकडं एकही नवी गादी आली नव्हती. "यंदा गाव जुन्याच कापसावर झोपून राह्यलं," असं ते म्हणाले.

चाचांना एकुलता एक मुलगा. तो बुलढाण्यात कापूस पिंजायचं मशीन टाकून बसला होता. पोरगा गुणी, धंदा बरा, बापाला घेऊन जायला दर महिन्याला तयार. पण चाचा त्या मशीनचं नाव घेत नसत. "ते" म्हणायचे. ते कापूस पिंजत नाही, झोडपते; त्यातून निघालेल्या गादीवर माणूस झोपत नाही, बेशुद्ध पडतो. दोनतीन महिन्यांतून एकदा ते बुलढाण्याला जात, मुलाच्या दुकानात बसत, सुनेच्या हातचं पोटभर जेवत, मशीनला दोन शिव्या देत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येत. मुलगा बिचारा हसून ऐकून घ्यायचा.

आता या सगळ्यात माझा संबंध कुठं आला, तर आमची बेबी जन्मली त्या दिवशी. पाळण्यातली वीतभर गादी चाचांनी स्वतः आणून दिली होती आणि सगळ्यांसमक्ष सांगितलं होतं की हिच्या लग्नाची गादीही माझ्याच हातची. तसं पाहिलं तर आमच्या गल्लीतून सासरी गेलेल्या प्रत्येक पोरीबरोबर त्यांच्या हातची गादी गेली होती. एकही पोरगी चुकली नव्हती, याचा त्यांना हजला जाऊन आल्यासारखा अभिमान. बेबीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं, आणि त्याच साली पोळ्याच्या सुमाराला चाचांचं उजवं कोपर दुखायला लागलं.

दुखणं पहिल्यांदा दिसलं ते आमच्याच घरी. बायकोनं चहाचा कप पुढं केला, चाचांनी तो उचलला, आणि कप आमच्या नव्या सतरंजीवर. कोपराच्या बाहेरच्या बाजूला कुणीतरी दाभण खुपसल्यासारखं होतं, म्हणाले. नळ पिळता येईना, पंचा पिळता येईना, सलाम-आलेकुमनंतर कुणी हात दाबला की डोळ्यांत पाणी. मग गावानं औषधं सुरू केली. आमच्याकडं पेशंट एक असला की वैद्य अख्खं गाव. एकानं एरंडाची पानं बांधली, दुसऱ्यानं हळदचुन्याचा लेप दिला, तिसऱ्यानं बिब्ब्याचा चटका दिला. त्याचा काळा फोड आला आणि त्या फोडाच्या दुखण्यात चार दिवस कोपर विसरायला झालं, म्हणून त्याला गुण आला असं ठरलं. कुणीतरी सांगितलं, देऊळघाटच्या बाजूला एक जण हात ओढून देतो. चाचा गेले. त्यानं हात असा ओढला की परत आले तेव्हा खांदाही दुखत होता. शेवटी मीच चिडलो, सकाळच्या गाडीत बसवलं आणि चिखलीला गाडी बदलून बुलढाण्याला हाडांच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कोपरावर एका ठिकाणी बोट ठेवलं, चाचा बाकावरून उठलेच. मनगट वर उचला म्हणाले आणि वरून दाबलं, चाचा पुन्हा उठले. मग डॉक्टरांनी निदान सांगितलं, टेनिस एल्बो. चाचांनी माझ्याकडं पाहिलं, डॉक्टरकडं पाहिलं, आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, म्या तं आजपर्यंत गोट्याबी नाई खेळलो." हे दुखणं व्हायला टेनिस खेळावं लागत नाही, एकच हालचाल हजारदा केली की कोपरापाशी चिकटलेले स्नायू कुरकुरतात, सुतारांना होतं, धुणं पिळणाऱ्या बायांना होतं, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. सहा आठवडे धनुकलीला हात लावायचा नाही. कोपराच्या खाली पट्टा बांधायचा. अर्धा किलोचं वजन घेऊन एक व्यायाम करायचा, त्यात वजन हळूहळू खाली सोडायचं, हेच महत्त्वाचं. आणि पूर्ण बरं व्हायला तीनचार महिने लागतील, मध्येच घाई केली तर पहिले पाढे पंचावन्न. चाचा फक्त बोटं मोजत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, सहा आठवडे म्हणजे तुळशीच्या लग्नापर्यंत, बेबीची गादी बसते. तीनचार महिन्यांचं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

परतीच्या गाडीत मात्र त्यांचा नूर पालटला. आपल्याला खेळाडूंचं दुखणं झालंय ही गोष्ट त्यांच्या डोक्यात हळूहळू मुरली, आणि चिखली यायच्या आत कंडक्टरसकट सगळ्या गाडीला ती कळली होती. गावात आल्यावर हात म्हणजे घरी उतरलेला साहेब झाला. "साहेब आराम करून राह्यले," असं ते हाताकडं बोट दाखवून सांगत. अडचण एवढीच की डाव्या हातानं कुणाला काही देणं-घेणं त्यांना पटत नसे, तो उद्धटपणा. म्हणजे उजवा चालत नाही आणि डावा चालवायचा नाही. त्यामुळं त्यांच्या हाती काही द्यायचं झालं तर ते त्यांच्या मांडीवर ठेवावं लागे, आणि त्यांनी कुणाला काही द्यायचं झालं तर ते हनुवटीनं वस्तूकडं खूण करत. व्यायामासाठी त्यांनी किराणा दुकानातून अर्ध्या किलोचं माप आणलं, ते लवकर परत दिलंच नाही. दीड महिना आमच्या गावात अर्धा किलो साखर पाव-पाव करून दोनदा तोलली जात होती. चाचा ओट्यावर बसायचे, हात मांडीवर उपडा, मनगट गुडघ्याच्या पुढं, मुठीत ते माप. डाव्या हातानं मनगट वर उचलायचं आणि मग उजव्यानं एकट्यानं ते खाली सोडायचं, इतकं हळू की पाहणाऱ्याला जांभई यावी. "उचलनं सोपं हाये मास्तर," ते म्हणाले, "खाली सोडनंच जड जाते." तेव्हा मी हसलो होतो.

तुळशीचं लग्न झालं. चाचांनी पट्टा बांधला, ठोकळा हातात घेतला, तातीवर एक ठोका मारला आणि ठोकळा खाली पडला. पुढचे दोन दिवस ते ओट्यावर दिसले नाहीत. इकडं आमच्या घरी बायकोनं वेचणी सुरू करताना वावरात करतात त्या सीतादहीच्या पूजेनंतरच्या पहिल्या वेच्यातला पांढराशुभ्र कापूस बेबीच्या गादीसाठी वेगळा काढून, सरकी काढून आणून ठेवला होता. लाल्यानं निम्मं वावर खाल्लं होतं, पण तेवढा कापूस तिनं विकू दिला नव्हता. आता ती म्हणायला लागली की द्या तो त्या मशीनवाल्याले, घरचाच तं हाये. तिचं चूक नव्हतं. लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. मी उद्या सांगतो, परवा सांगतो करत राहिलो, कारण चाचांच्या तोंडावर ते कसं सांगायचं हे मला कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चाचाच आले. बसले. झोप येते ना, हेही विचारलं नाही. म्हणाले, "मास्तर, हात तुमचा, हुन्नर माह्या. पोरीची गादी आपुन दोघं करू." मी आयुष्यात खडूपेक्षा जड काही उचललेलं नव्हतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून नाही म्हणायची माझी टाप नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या आधी दोन तास मी चाचांच्या घरी. ते खाटेवर, मी धनुकलीपाशी. पंचवीस वर्षं मी पोरांना जे जे बोललो होतो ते सगळं व्याजासकट परत मिळालं. ताल चुकला की ते खाट वाजवायचे. मी नेमानं एकसारखे ठोके मारत होतो तर म्हणाले, कापसाले पाढे शिकवून राह्यले काय? कापसाला मारायचं नसतं, तातीला मारायचं असतं, कापूस आपोआप उठतो, हे त्यांनी मला शंभर वेळा सांगितलं. आणि शंभरदा सांगूनही ज्याला कळत नाही त्याच्याबद्दल मास्तर लोकांना काय वाटत असेल ते मला पहिल्यांदा उलट्या बाजूनं कळलं. शाळेत जायचो तेव्हा भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. केंद्रप्रमुखांनी एकदा काळजीनं विचारलं की घरी काही झालं का. पण चौथ्यापाचव्या दिवशी तातीतून एकदाचा तो खर्जातला नाद निघाला, ढीगभर कापूस ढगासारखा अलगद वर आला, आणि चाचांनी खाट वाजवली नाही. त्यांनी डोळे मिटले होते. तेवढ्यावर मी दिवसभर वर्गात खूश होतो.

आठव्या दिवशी तीन हिस्से कापूस झाला होता, चौथाई राहिला होता. चाचांच्या शेजारणीनं चहा आणून ठेवला. मी उजव्या हातानं कप उचलला, तो इंचभर वर गेला आणि मी तो गुपचूप खाली ठेवून डाव्या हातानं घेतला. दोन दिवसांपासून फळ्यावर लिहितानाही कोपराच्या बाहेरच्या बाजूला दाभण खुपसल्यासारखं होत होतं, पण मी बोललो नव्हतो. चाचांनी कपाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी हवेबद्दल काहीतरी बोलायला लागलो. ते उठले, माझी बाही वर केली, आणि डॉक्टरांनी दाखवलं होतं बरोबर त्या जागेवर बोट ठेवलं. मी ओरडलो. शेजारीण धावत आली.

"बस झालं," चाचा म्हणाले. मी म्हटलं, एवढंसंच राहिलंय, दोन दिवसांचं काम. त्यांनी स्वतःच्या हाताचा पट्टा सोडला आणि डाव्या हातानं माझ्या हाताला बांधायला लागले. ते जमेना म्हणून एक टोक दातात धरलं. बांधून झाल्यावर म्हणाले, "माह्या हात गेला तं एक गादी राहीन. तुमचा गेला तं पोराईच्या फळ्यावर कोन लिहीन?" मग त्यांनी राहिलेला चौथाई कापूस एका चादरीत बांधला. मी विचारलं, कुठं निघालात? ते म्हणाले, "त्याच्याकडं." मशीनकडं की मुलाकडं, हे त्यांनी सांगितलं नाही. ज्या माणसानं आपला शब्द राहावा म्हणून मला आठ दिवस राबवलं होतं, तो माझ्या कोपरासाठी तो शब्द गाठोड्यात बांधून बुलढाण्याच्या गाडीत बसला. मला फार वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

मुलानं नंतर सांगितलं की अब्बा पूर्ण वेळ मशीनपाशी भिंतीकडं तोंड करून बसले होते. शिवी एकही दिली नाही. कापूस झाला तेव्हा चिमूटभर गालाला लावला आणि गाठोडं बांधलं. गादी भरली चाचांनीच, दोरा ओवून टाके घातले आमच्या बायकोनं. मशीनचा कापूस त्यांनी एका टोकाला, वेगळा भरला. लग्नात बेबी पाया पडायला आली तेव्हा तिला गादीपाशी नेऊन म्हणाले, "बेटी, इकडची बाजू मशीनची हाये. इकडं पाय करत जाय." बेबीनं मान डोलावली.

चाचांचं कोपर डॉक्टरांनी सांगितलं तसं चौथ्या महिन्यात बरं झालं. माझ्या कोपरानं सहा घेतले, कारण मी व्यायामाचा कंटाळा करत होतो आणि अर्ध्या किलोचं माप दुकानदारानं मला द्यायला साफ नकार दिला. चाचांचा हात परत आला, पण तोवर गाव हळूहळू फोमच्या गाद्यांवर जायला लागलं होतं. बेबी दिवाळीला माहेरी आली की ते विचारायचे, "झोप येते ना?" ती म्हणायची, "हाव चाचा." मला मात्र तिनं पहिल्याच खेपेला हळूच सांगितलं होतं की बाबा, तुमच्या बाजूला सगळे गोटे लागतात, मी डोकं मशीनच्या बाजूलाच ठेवते. चाचांना मरेपर्यंत सांगणार नाही, अशी शपथ आम्ही बापलेकीनं घेतली.

आणि मग बऱ्याच वर्षांनी तिनं ती गादी पिंजायला आणली. मी घरी नव्हतो, नाहीतर आणू दिली नसती. परत आलो तर चाचा आमच्या ओट्यावर, गादी पसरलेली, बेबी समोर. ते सवयीनं तळहात फिरवत होते. माझ्या बाजूवरून हात गेला, खळगा नव्हता, टाचांच्या खुणा होत्या. हात पुढं सरकला आणि मशीनच्या बाजूला डोक्याच्या खोल, गोल खळग्यात येऊन थांबला. बेबीनं माझ्याकडं पाहिलं, मी जमिनीकडं. चाचांनी हात उचलला नाही. "झोप येते ना, बेटी?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "येते चाचा." ते म्हणाले, "मंग झालं." दुसऱ्या दिवशी ते स्वतः ती गादी बुलढाण्याला घेऊन गेले.

चाचा गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्यांच्या मुलाकडं भेटायला गेलो तेव्हा त्यानं ती गोष्ट सांगितली. बेबीची गादी घेऊन आले त्या दिवशी अब्बा दुकानात बसले, मशीनकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तुह्या हातचं वाईट नाई बे. पोरगी झोपते त्याच्यावर." एवढंच. आयुष्यभर वाट पाहिली होती मास्तर, असं तो म्हणाला आणि मशीनचा पट्टा बघायच्या निमित्तानं खाली वाकला.

थंडी पडली की माझं कोपर अजूनही सकाळी सकाळी ठणकतं. बायको म्हणते, काहीतरी लावा. मी लावत नाही. चाचांची धनुकली मुलानं नेली, खाट शेजारणीकडं गेली, माप दुकानदारानं केव्हाच परत घेतलं होतं. माझ्या वाट्याला तेवढं ते ठणकणंच आलंय.